गावभागातले घर आणि जर्मनीची नोकरी : विक्रीपूर्व तयारीचे एक प्रकरण

एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या गावभागातील एक अभियंता माझ्याकडे आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत चौदा वर्षे नोकरी केलेल्या या गृहस्थाला जर्मनीतील श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात पाच वर्षांची नोकरी मिळाली होती आणि १ सप्टेंबरला रुजू होण्याचे पत्र हाती होते. त्याच्याकडे दोनच कागद होते. एक ते नेमणूकपत्र आणि दुसरे रंगाऱ्याने दिलेले घराच्या रंगकामाचे अंदाजपत्रक. घर विकायचे आहे, तेव्हा आधी रंग द्यावा की गिऱ्हाईक पाहावे, एवढाच त्याचा प्रश्न होता. मी त्याला सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे शहरातल्या जागेचा धारक आणि हक्क दाखवणारा सरकारी नोंदीचा कागद, मागितला. तो घरी पाहून सांगतो म्हणाला, आणि या प्रकरणाची खरी सुरुवात तिथून झाली.

मी सांगलीत मालमत्तेच्या कागदपत्रांचे काम करणारा वकील आहे. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून मी हे लिहितो आहे. परदेशी निघालेली माणसे घराची तयारी भिंतीपासून सुरू करतात आणि कागद शेवटच्या महिन्यावर टाकतात, असे मला वारंवार दिसते. घर कुलूप लावून जाणारा एक दिवस परत येतो. घर विकून जाणाऱ्याला मात्र राहिलेल्या एका सहीसाठी हजारो मैलांवरून यावे लागते, आणि ती सही बहुधा अशा माणसाची असते ज्याचा विचारच कोणी केलेला नसतो. या प्रकरणात तसेच घडले.

घर दुमजली. वडिलांनी १९८८ मध्ये अडीच गुंठ्यांची जागा स्वकष्टाने घेतली, पुढच्या वर्षी एका बँकेचे कर्ज काढून तळमजला बांधला आणि १९९८ मध्ये वरचा मजला चढवला. वडील २०१७ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हते. घरात आता सत्तरी ओलांडलेली आई, हा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात अशी चार माणसे. धाकटी बहीण लग्नानंतर विश्रामबागेत राहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा या घराच्या तळमजल्यात साडेचार फूट पाणी होते. जुलै २०२१ मध्ये पातळी सुमारे ५५ फुटांवर गेली आणि पुन्हा दोन फूट पाणी घरात शिरले. एकट्या आईला या घरात ठेवून जाणे मुलाला शक्य नव्हते, आणि विक्रीचे मूळ कारण नोकरीपेक्षाही ते होते.

चार दिवसांनी तो पत्र्याची ट्रंक घेऊन आला. २०१९ च्या पुरात ती ट्रंक पाण्याखाली होती. वडिलांचे १९८८ चे मूळ खरेदीखत तीत होते, पण त्याची पाने एकमेकांना घट्ट चिकटून त्यांचा पुठ्ठ्यासारखा एकच थर झाला होता. आईने ते उन्हात वाळवून, फडक्यात गुंडाळून, तसेच जपून ठेवले होते. मुद्रांकावरचा शिक्का कळत होता, शाई मात्र सगळी फुटलेली. पहिले पान सोडवायला गेलो तर ते कडेने भुगा होऊन हातात आले. मी तिथेच थांबलो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढण्याचा अर्ज लिहायला घेतला. पुरात भिजलेल्या दस्ताबाबत सांगलीकरांना मला कळकळीने सांगायचे आहे की, असा दस्त सोडवत बसू नये आणि फेकूनही देऊ नये. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत सरकारी कार्यालयात असते, तिची प्रमाणित नक्कल मिळते आणि खराब झालेले मूळ त्या नकलेबरोबर खरेदीदाराला दाखवता येते. मूळ दस्त समोर असला, मग तो कितीही खराब असो, की तो कुठे गहाण पडलेला नाही याची खरेदीदाराच्या वकिलाला बरीच खात्री वाटते. मूळ हरवला असेल तर पोलिसांकडे नोंद आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस एवढे करावेच लागते.

सिटी सर्व्हेचा ताजा उतारा आला आणि त्यावर तीन अडचणी दिसल्या.

धारक म्हणून अजून वडिलांचेच नाव होते, तेही घरात हाक मारायचे तसे, ‘आप्पासो’ या नावाने. मृत्यूच्या दाखल्यावर शाळेतले नाव होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जोडीला घरपट्टीच्या जुन्या पावत्या देऊन हा प्रश्न सुटला, पण पहिला अर्ज त्रुटी काढून परत आला आणि त्यात तीन आठवडे गेले. दुसरी अडचण, १९८९ च्या कर्जाचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात तसाच होता. कर्ज २००३ मध्येच फिटले होते, परतफेडीचा दाखलाही त्यावेळी मिळाला होता, पण तो भूमी अभिलेख कार्यालयात नेऊन बोजा कमी करून घेण्याचे वडिलांच्या हातून राहिले. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नव्या बँकेच्या शाखेत बावीस वर्षांपूर्वीचे खाते शोधायला कोणी उत्सुक नव्हते, हे समजण्यासारखे आहे. मुलाने पाच वेळा तिथे जाऊन कर्ज फिटल्याचे पत्र मिळवले. हे काम श्टुटगार्टहून करता आले असते का, याचा विचार वाचकाने करावा.

तिसरी अडचण वारसांची होती, आणि ती उताऱ्यावर लिहिलेली नव्हती.

वारस किती, असे विचारल्यावर मुलाने आई, आपण आणि बहीण अशी तीन नावे सांगितली. सांगलीतच काय, कुठेही बहुतेक लोक हेच उत्तर देतात. मी विचारले, ‘वडील गेले तेव्हा तुमची आजी होती का?’ तो म्हणाला, ‘होती की. आजी २०२० च्या जानेवारीत गेली. पण तिचा काय संबंध?’

संबंध होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या वर्ग एकच्या वारसांत पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आईही येते, आणि तिचा वाटा मुलाच्या वाट्याइतकाच असतो. म्हणजे २०१७ मध्ये या घराचे चार समान हिस्से झाले आणि त्यातला एक चतुर्थांश आजीचा होता. आजी वारल्यावर तो चतुर्थांश तिच्या मुलांकडे गेला. तासगावचे काका, विट्याच्या आत्या, आणि आधीच वारलेल्या मुलाच्या जागी त्याची दोन मुले, म्हणजे हा मुलगा आणि त्याची बहीण. अशा रीतीने काका आणि आत्या यांचा प्रत्येकी बारावा हिस्सा या घरात होता, आणि त्या दोघांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हते.

अशा वेळी घाई असलेली माणसे काय करतात ते मला माहीत आहे. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तीनच नावे लिहायची, काका-आत्या काही बोलणार नाहीत असे गृहीत धरायचे आणि पुढे जायचे. मी ते करायला नकार दिला. त्यामागे कायद्याचे कारण तर होतेच, कारण असे प्रतिज्ञापत्र खोटे असते आणि त्यावर उभे राहिलेले खरेदीखत पुढे दाव्यात अडकू शकते. पण मला त्याहून महत्त्वाचे हे वाटत होते की, आपला वाटा आहे हे ज्या बाईला कोणी सांगितलेच नाही, तिने तो सोडला असे म्हणता येत नाही. मुलाने आठवडाभर विचार केला आणि एका रविवारी तासगाव आणि विटा दोन्हीकडे स्वतः जाऊन आला.

आत्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना वेगळे बसवून त्यांच्या वाट्याची किंमत आकड्यात सांगितली. त्यावेळी घराची अपेक्षित किंमत ७० लाख होती, म्हणजे बाराव्या हिश्श्याचे सुमारे ५ लाख ८३ हजार होत होते. ते पैसे मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि मागितले तर भाच्याला द्यावेच लागतील, हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनीच्या नावावर करा. माझ्या आईचं सगळं शेवटपर्यंत तिनंच केलं.’ काकांनीही तसेच केले. दोघांनी आपला हिस्सा भावजयीच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला. त्यानंतर आईचा हिस्सा चोवीस भागांपैकी दहा, मुलाचा सात आणि बहिणीचा सात असा झाला.

बहिणीकडूनही हक्कसोड घेऊन सगळे एका नावावर करावे म्हणजे विक्री सोपी होईल, अशी सूचना नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी केली होती. ही सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की बहीणही तयार होती. ‘दादा म्हणेल तिथं सही करते,’ एवढेच तिचे म्हणणे. मी आणि, सांगायला आनंद वाटतो, तिच्या वहिनीनेही याला विरोध केला. आत्यांचा वाटा त्यांनी समजून-उमजून सोडला होता, आणि बहिणीच्या बाबतीत कोणी विचारही केला नव्हता. व्यवहाराच्या दृष्टीनेसुद्धा ती सूचना चुकीची होती, कारण संपूर्ण किंमत एका माणसाच्या नावावर आली की संपूर्ण करही त्याच्याच डोक्यावर येतो. बहीण लिहून देणार म्हणून दस्तात आली आणि तिच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यात जमा झाली.

आता तारखेचा प्रश्न. यावर मी विस्ताराने लिहितो, कारण परदेशी जाणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे असतो. यातील कलमे आयकर अधिनियम १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू असल्याने त्यापुढच्या व्यवहारांना कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील.

आयकराच्या दृष्टीने माणूस निवासी आहे की अनिवासी, हे विमान सुटले त्या क्षणावर ठरत नाही. ते संपूर्ण आर्थिक वर्षासाठी, भारतात घालवलेल्या दिवसांवर ठरते. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला असेल तर तो त्या संपूर्ण वर्षासाठी निवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजत गेले तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. ऑगस्टच्या अखेरीस निघाला असता तर या मुलाचे दिवस १५० च्या आसपास भरले असते आणि तो २०२५-२६ या पूर्ण वर्षासाठी अनिवासी ठरला असता, मग खरेदीखत त्याने निघण्यापूर्वी केलेले असो वा नंतर.

त्याने काय फरक पडला असता? विक्रेता निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो. विक्रेता अनिवासी असेल तर कलम १९५ लागते, रकमेची मर्यादा राहत नाही, आणि कमी दराचा दाखला आधी काढलेला नसेल तर खरेदीदार सावधगिरीने पूर्ण रकमेवर भांडवली नफ्याच्या दराने कर कापतो. २०२५ मध्ये त्यासाठी त्याला कर कपातीचा वेगळा खाते क्रमांक काढावा लागत होता आणि तिमाही विवरणपत्र भरावे लागत होते. सांगलीसारख्या शहरातला पहिल्यांदा घर घेणारा माणूस हे ऐकूनच मागे सरतो. शिवाय २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर दीर्घकालीन नफ्याचा दर निर्देशांकाचा, म्हणजे महागाईनुसार मूळ किंमत वाढवून धरण्याचा, लाभ न घेता १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतीसाठी निर्देशांकासह २० टक्क्यांनी येणारा कर कमी असेल तर तेवढाच भरण्याची सवलत व्यक्तीला मिळते, पण फक्त निवासी व्यक्तीला.

या घराचे आकडे असे. खरेदी जुनी असल्याने मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरले; नोंदणीकृत मूल्यांककाने ते, त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या (सरकारी दरतक्त्याच्या) मर्यादेत राहून, ९ लाख ५० हजार काढले. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे, त्यामुळे ते मूल्य ३५ लाख ७२ हजार होते. घर शेवटी ६२ लाखांना गेले. निर्देशांकासह नफा २६ लाख २८ हजार आणि त्यावर २० टक्क्यांनी कर ५ लाख २५ हजार ६००. निर्देशांकाशिवाय नफा ५२ लाख ५० हजार आणि त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ६ लाख ५६ हजार २५०. मुलाच्या चोवीसपैकी सात भागांपुरते पाहिले तर त्याचा कर १ लाख ५३ हजार ३०० झाला. अनिवासी ठरला असता तर तो १ लाख ९१ हजार ४०६ झाला असता. दोन्ही आकड्यांवर ४ टक्के उपकर वेगळा. त्याहून मोठा फरक कपातीत पडला असता. निवासी म्हणून त्याच्या हिश्श्याच्या १८ लाख ८ हजारांतून १८ हजारांच्या आसपास कापले गेले. अनिवासी म्हणून सव्वादोन लाखांवर रक्कम कापली गेली असती आणि ती परत मिळवायला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागली असती, नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा परक्या देशात घरभाड्याची अनामत आणि पहिल्या पगारापर्यंतचा खर्च अंगावर असतो.

मी त्याला एकच सांगितले. कंपनीला स्पष्ट कारण लिहून पाच आठवडे मागून घ्यावेत. कंपनीने ६ ऑक्टोबर ही तारीख दिली. व्हिसाच्या कामालाही तेवढा वेळ लागलाच.

कराच्या बाबतीत मुलाच्या मनात आणखी एक बेत होता. घराच्या पैशातून पुढे जर्मनीत घर घेतले तर नफा करमुक्त होईल, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. कलम ५४ ची सवलत भारतातल्या घरालाच मिळते, हे ऐकून त्याने तो विचार सोडून दिला आणि कर भरण्याची तयारी ठेवली. आईचे तसे नव्हते. विश्रामबागेत, लेकीच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट तिच्या नावे घ्यायचे ठरले. विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतले तर चालते, आणि त्या फ्लॅटची किंमत तिच्या वाट्याच्या नफ्याहून जास्त असल्याने तिला कर लागला नाही.

आता रंगाऱ्याकडे येतो, कारण मुलगा ज्या प्रश्नाने आला होता तो अजून उभाच होता.

मे महिन्यात मी घर पाहायला गेलो. तळमजल्याच्या देवघराला सागवानी चौकट आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर त्या लाकडावर आडवी तपकिरी रेघ आहे. रेघेच्या खालचे लाकूड फुगून पुन्हा वाळलेले, त्यामुळे बोट फिरवले की वरचा भाग गुळगुळीत आणि खालचा खरबरीत लागतो. त्या रेघेवर आईने खिळ्याने ‘२०१९’ असे कोरले होते. भिंतीवरची रेघ दोनदा रंग देऊनही पोपड्यांतून वर आली होती. विजेचा मीटर पुरानंतर सहा फुटांवर नेलेला. रंगाऱ्याचा प्रस्ताव असा होता की खालचे पाच फूट प्लास्टर खरवडून ओल न दिसणारा लेप द्यायचा, वर लांबी (पुट्टी) आणि रंग मारायचा आणि चौकटीला गडद पॉलिश करायचे. ‘काही दिसणार नाही,’ असे त्याने लिहूनही दिले होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने कळणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. गावभागात पूर येतो हे सगळ्या सांगलीला माहीत आहे, त्यामुळे तो लपलेला दोष कसा, असा युक्तिवाद करता येईल. पण या घरात नेमके किती पाणी चढले, हे घरच्यांनाच ठाऊक असते. ती खूण मुद्दाम बुजवली तर जे उघड होते तेच लपलेला दोष बनते. मी तसे सांगितले. आईने माझ्याआधीच निर्णय घेतला होता. ती म्हणाली, ‘पाणी बघून घेऊ दे घेणाऱ्याला. आम्ही काढलंय, त्यांनाही काढायचंय.’

म्हणून तळमजल्याचे पोपडे काढून साधा चुन्याचा हात दिला, गळणारा पाइप बदलला, वायरिंग तपासून घेतले, आणि देवघराची चौकट होती तशी ठेवली. खर्च रंगाऱ्याच्या अंदाजाच्या चौथाईत आटोपला.

वरच्या मजल्याची गोष्टही अशीच सांगावी लागली. मंजूर नकाशा फक्त तळमजल्याचा निघाला. १९९८ चा वरचा मजला घरपट्टीत लागलेला होता, पण घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे होत नाही. हातात असलेल्या चार महिन्यांत आणि पूररेषेची बंधने असलेल्या भागात ते नियमित करून घेणे जमणार नाही, असे परवानाधारक अभियंत्याने सांगितले. तेव्हा ते आहे तसे सांगायचे आणि किमतीत सोसायचे ठरले. ७० लाखांचे ६२ लाख झाले ते मुख्यतः इथे.

जुलैअखेर उताऱ्यावर वारसांची नावे लागली, बोजा गेला, जागेच्या व्यवहारांच्या नोंदी तपासून तीस वर्षांचा शोध अहवाल तयार झाला आणि गिऱ्हाइके येऊ लागली. एकाने चौकट पाहून दारातूनच नमस्कार केला. दुसऱ्याने भाव चांगला सांगितला, पण त्यातले वीस लाख रोख देईन म्हणाला. रोखीला कायद्याची मनाई आहे, आणि पुढे पैसे परदेशी न्यायचे झाले तर बँकेला त्यांचा उगम दाखवावा लागतो, म्हणून तिथे बोलणेच थांबवले. तिसरे गृहस्थ गावभागातलेच, भाड्याने राहणारे दुकानदार होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कोयनेचा विसर्ग वाढला आणि आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली. नेमक्या त्या दोन दिवसांत हे दुकानदार सकाळ-संध्याकाळ घराशी येऊन पाणी कुठवर आले ते पाहत होते. घरापर्यंत पाणी आले नाही. ते ओसरल्यावर त्यांनी आईला विचारले, ‘मावशी, किती फुटाला पाणी उंबऱ्याला लागतं?’ आईने दोन्ही पुरांचा हिशेब तोंडपाठ सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवून वर राहण्याचे ठरवले आणि गणपतीच्या दोन दिवस आधी, २५ ऑगस्टला, विसार देऊन साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, केला. साठेखतात आणि नंतर खरेदीखतात दोन्ही पुरांची घरातली पातळी, वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर नसणे आणि मूळ दस्त पुरात खराब झालेला असणे, या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहिल्या. त्यांच्या बँकेच्या मूल्यांककाने कर्जासाठी जागा आणि तळमजलाच धरला, तरी त्यांनी किमतीवरून पुन्हा तोंड उघडले नाही, कारण ते त्यांना आधीपासून माहीत होते.

खरेदीखत सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावे अशी माझी इच्छा होती, पण ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला आणि खरेदीदारांच्या घरच्यांनी पक्षात घराचा कागद करायला नकार दिला. त्यांच्या भावनेला मान देणे योग्य होते. मात्र निघण्याच्या तारखेला जेमतेम तीन आठवडे उरले होते, म्हणून त्या मोकळ्या दिवसांत मुलाचे बहिणीच्या नावे विशेष मुखत्यारपत्र करून त्याची नोंदणी केली. त्यात फक्त या घराचे खरेदीखत, ताबा, घरपट्टी, वीज जोडणी आणि आयकराचे कागद एवढेच अधिकार ठेवले. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र मी भावंडांतही करून देत नाही. हेच मुखत्यारपत्र जर्मनीतून करायचे झाले असते तर म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही साक्षांकित करून घेणे, मूळ कागद टपालाने पाठवणे आणि तो भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करणे असे सारे करावे लागले असते.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, खरेदीखत नोंदले गेले. लिहून देणारे तीन असल्याने खरेदीदाराने कर कपातीचे तीन वेगळे अर्ज भरले. प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत असला तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा सर्व विक्रेत्यांची रक्कम एकत्र करून पाहतात, हे त्यांच्या कर सल्लागाराला सांगावे लागले. ताबा ३० सप्टेंबरला दिला. पाटा-वरवंटा आणि तांब्याचा बंब लेकीकडे गेला, देव आईने स्वतःच्या हाताने पितळी डब्यात घेतले. देवघराची चौकट काढून न्यावी का, असे सुनेने विचारले. आई नको म्हणाली, ती खूण घराबरोबर राहू दे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, कुटुंब मुंबईहून निघाले. मुलाचे बचत खाते अनिवासी साधारण खात्यात बदलून घेतले आहे. त्यातून पैसे बाहेर न्यायचे तेव्हा वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि सनदी लेखापालाचा दाखला एवढे पाळावे लागेल. डिसेंबरात सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर खरेदीदाराचे नाव लागले. त्याची एक प्रत मी बहिणीकडे दिली. वीज जोडणीच्या अनामत रकमेचा अर्ज तेवढा अजून निकाली निघालेला नाही, तो तिनेच मुखत्यारपत्राने केला आहे.